अण्णांना पोच हवी

तुमच्या घरी अलीकडे जे माणूस आजारातून उठले, त्याच्या आजारपणातले सामान तुम्ही कोठे ठेवले? कुबड्या कोठे आहेत? गरम पाण्याची रबरी पिशवी कोणत्या खुंटीवर लटकते आहे? आणि ते एनॅमलचे भांडे, ज्याचे नाव पाहुण्यांदेखत घेत नाहीत, ते माळ्यावर कोणत्या पोत्यामागे दडवले आहे?

रागावू नका. हा प्रश्न मूळचा माझा नाही. पंचवटीत, उतारावरच्या एका धर्मशाळेच्या मागच्या दोन खोल्यांत राहणारे विष्णुपंत ऊर्फ पार्सल-अण्णा तो भर रस्त्यात कोणालाही विचारतात. एकदा त्यांनी तो लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाच्या बापाला विचारला. हातात अक्षता होत्या, मंगलाष्टके चालू होती.

"काय हो, गेल्या साली तुमचा पाय मोडला होता ना? मग कुबड्या कुठायत?"

"आहेत माळ्यावर," तो गृहस्थ पीतांबर सावरीत पुटपुटला.

"माळ्यावर कोण चालतंय त्या घेऊन?"

सावधान म्हणायच्या आधीच तो बाप सावध झाला. दुसऱ्या दिवशी कुबड्या अण्णांच्या खोलीत आल्या.

अण्णांची सारी नोकरी नाशिकरोडला रेल्वेच्या पार्सल हापिसात गेली. द्राक्षांच्या करंड्या, तांब्यापितळेची भांडी, यात्रेकरूंच्या ट्रंका आणि देवळालीच्या गोऱ्या साहेबांची कुत्री त्यांच्या हाताखालून गेली. ते पेन्शनीत निघाले तेव्हा रेल्वेने टोपी परत घेतली, पण भाषा त्यांच्याकडेच राहिली. आजारी माणसांचे त्यांच्या लेखी तीन वर्ग आहेत: नाजूक, नाशवंत आणि जड. तापाने फणफणलेले मूल नाजूक. दमेकरी म्हातारा नाशवंत. दिवस राहिलेली बाई रस्त्यात दिसली तर ते अदबीने बाजूला होतात आणि माझ्या कानात म्हणतात, "एका पावतीवर दोन नग." पेढीवरचे एक धिप्पाड शेठजी पायरीवरून घसरले, त्यांच्यासाठी डोली मागायला मुनीम धावत आला. अण्णांनी आधी नाव विचारले, मग म्हणाले, "डोली कसली मागतोस? वॅगन माग!" पण डोली दिली, आणि बरोबर स्वतःही गेले. रस्ताभर त्यांचे ओरडणे चालू होते: "हळू! धक्का नको! वरची बाजू वर! अरे गाढवांनो, डोकं पुढं ठेवा. पाय पुढं करून माणसाला एकदाच नेतात!"

ते ऐकून डोलीतले शेठजी निम्मे बरे झाले आणि खाली उतरतो म्हणू लागले.

अण्णांच्या दोन खोल्यांपैकी एकीत ते राहतात. दुसरीत सामान राहते. दार उघडले की फिनेलचा वास येतो. भिंतीला कुबड्या टेकलेल्या, लहानमोठ्या, एखाद्या घरातली माणसे फोटोला उभी राहावीत तशा. खुंट्यांवर शेकायच्या पिशव्या, एनिमाचे डबे, मच्छरदाण्या. कोपऱ्यात डोली, अंथरुणात टेकून बसायच्या लाकडी चौकटी आणि फळीवर उपडी घातलेली ती एनॅमलची भांडी. प्रत्येक वस्तू उकळत्या पाण्याने धुतलेली. कोणी काही नेले तर अण्णा लिहून ठेवीत नाहीत. "जन्मभर लिहिलं," ते म्हणतात. "हात विटला. आता तोंडं लक्षात ठेवतो."

मी समोरच राहतो. आमच्या तरुण मंडळाने 'आरोग्य हा हक्क आहे, भीक नव्हे' असे पत्रक काढले तेव्हा मी त्याचा एक गठ्ठा मोठ्या उमेदीने अण्णांना नेऊन दिला. मजकूर माझा होता. काही दिवसांनी ते रस्त्यातच मला म्हणाले, "पत्रकराव, कागद फार उत्तम निघाला हो! पाणी निवळायला देतो त्या तुरटीच्या पुड्या बांधल्या. ओल धरत नाही."

"पण वाचलंत का?"

"मी कशाला वाचू? पुडी सोडणारा वाचील की."

तेव्हापासून मी 'पत्रकराव' झालो. आणि खरे सांगायचे तर आमचे कोणतेही पत्रक त्या पुड्यांइतके दूर गेले नाही.

गावात आजाऱ्याला मदत मिळत नाही असे नाही. दवाखाने आहेत. बाळंतपणाची सोय आहे. देवी टोचणारा वाड्यावाड्यांतून फिरतो. एक वैद्य धर्मार्थ काढे वाटतात. पण कोठे जायचे, केव्हा जायचे आणि कोणत्या दाराने आत शिरायचे, हे ज्याच्या जिवावर बेतलेले असते त्यालाच ठाऊक नसते. मिरवणुकीपुढे गॅसबत्त्या धरायला या गावात माणसे मिळतात; गोंधळलेल्या आईला दवाखान्याची वाट दाखवायला मिळत नाहीत. ते काम अण्णा करतात. पेठ तालुक्याकडची एक बाई नदीवर आली होती, कडेला पोर. ती धर्मशाळेच्या दाराशी बसून रडू लागली.

"बाबा, लय तापलंय वो पोर. इथला दवाखाना म्हंजी तो मोठ्या दाराचा का?"

"तोच. पण मोठ्या दारानं जाऊ नकोस, बाई. तिथं पट्टेवाला आहे. बाजूच्या दारानं जा. तिथं डॉक्टर आहे."

ती उठली तसे अण्णांनी मागून हाक मारली, "आणि परत येताना पोच देऊन जा!"

ही 'पोच' म्हणजे अण्णांचे खरे वेड. ते भाडे घेत नाहीत, अनामत घेत नाहीत, ओळख मागत नाहीत, जात विचारत नाहीत. देवळाच्या दारात कोणी पाऊल टाकावे आणि कोणी टाकू नये यावरून याच गावात डोकी फुटत होती, तेव्हा त्या दारापासून हाकेच्या अंतरावर अण्णांच्या कुबड्या कोणाच्याही बगलेत जात होत्या. आमच्या आळीतल्या काशीकाकू यजमानांसाठी टेकायची चौकट न्यायला आल्या तेव्हाचा संवाद मी स्वतः ऐकला आहे.

"अण्णा, हिला आधी कोण कोण टेकलंय?"

"आजारी माणसं."

"ते कळलं. पण कोणाच्यातली?"

"एक हिवतापातला, एक संग्रहणीतला. दोघी बाळंतरोगातल्या."

"अहो, मी जात विचारत्ये!"

"तीच सांगतोय."

काकूंनी चौकट नेली. काकांना धाप लागलेली होती. आपल्या आधी कोण टेकले हे विचारण्याइतका श्वास त्यांच्यापाशी नव्हता.

तर अण्णांना हवी असते फक्त पोच. त्यांचा कायदा एकच: ज्याने सामान वापरले त्यानेच ते परत आणायचे, आणि आणायचे ते स्वतःच्या पायांनी. मुलाने नाही, गड्याने नाही, टांग्याने नाही. "मी इतकी पार्सलं रवाना केली, पत्रकराव," ते मला म्हणाले होते, "पण एकही पोचलेलं पाहिलं नाही. गाडी सुटली की संपलं. आता मला पोचलेला माल डोळ्यांनी बघायचाय."

माणूस सामान घेऊन आले की अण्णा सामानाकडे पाहत नाहीत. पाहतात पायांकडे. आळीच्या तोंडापासून दारापर्यंत ते पाय कसे पडतात हे उंबऱ्यात उभे राहून न्याहाळतात आणि मग हुकूम सुनावतात, "पोचला. शाबूत." एवढे ऐकायला लोक दुपारच्या उन्हात चढ चढून येतात. मीही गेलो आहे. हिवतापातून उठल्यावर बर्फाची पिशवी घेऊन मी रस्ता ओलांडला, तर म्हणाले, "पोचला. पण डबा थोडा चेपलाय. दूध प्या."

या कायद्यापायी वकीलसाहेबांची काय शोभा झाली ते साऱ्या पंचवटीला माहीत आहे. ते आतड्याच्या दुखण्यातून उठले आणि त्यांनी ते एनॅमलचे भांडे गड्याबरोबर परत पाठवले. वापरणाऱ्याऐवजी दुसऱ्याच्याच हातून सामान आले की त्याचा अण्णांच्या लेखी एकच अर्थ. अशा वेळी ते काही विचारीत नाहीत. सामान दोन्ही हातांनी घेतात, आणणाऱ्याला पाट देतात, गूळपाणी देतात आणि तो उठेपर्यंत समोर बसून राहतात. गड्याने गूळपाणी घेतले, आणखी थोडा गूळ मागितला आणि खुशीत निघून गेला. अण्णांनी आंघोळ केली, खांद्यावर पांढरे उपरणे टाकले आणि मान खाली घालून ते वकिलांच्या घरी गेले.

वकीलसाहेब झोपाळ्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरीत होते.

अण्णा दारातच थिजले. "तुम्ही आहात?"

"मी नाही तर कोण असणार? माझंच घर आहे."

"मग गडी का आला?"

"कशाला आला?"

"भांडं घेऊन! माल पोचला की नाही हे हमालानं सांगायचं? उठा! आधी पाय दाखवा!"

अण्णांनी ते भांडे पुन्हा वकिलांच्या घरी धाडले आणि वकिलांना ते स्वतः आणायला लावले. भर सकाळी वकीलसाहेब रेशमी रुमालात गुंडाळलेला तो जिन्नस छातीशी धरून आळीतून चालत आले. जो तो विचारी, "काय नेताय साहेब, प्रसाद?" वकील रुमालाची गाठ आणखी आवळीत. शिवाय भांडे रिकामे परत देऊ नये या रीतीने वकीलीणबाईंनी त्यात चांगली मूठभर खडीसाखर घातली होती! आम्ही सारे श्वास रोखून पाहत होतो. अण्णांनी रुमाल सोडला, आत पाहिले, एक खडा उचलून तोंडात टाकला.

"अण्णा!" मी ओरडलो.

"उकळलेलं आहे ना? मग त्याच्याइतकं स्वच्छ भांडं तुमच्या घरात तरी आहे का?"

अण्णांच्या खोलीचे खरे वैभव म्हणजे चाकांची खुर्ची. वेताची बैठक, मागे ढकलायची दांडी, दोन मोठी चाके. देवळालीला हवा पालटायला आलेल्या एका पारशीणबाईंनी, आपल्या पायांनी गाडीत चढण्यापूर्वी, ती अण्णांना देऊन टाकली होती. आमच्या भागात अशी दुसरी नव्हती. ही खुर्ची गेल्या थंडीच्या सुरुवातीला कादर कल्हईवाल्याने नेली.

कादर भद्रकालीच्या बाजूला राहतो. नदी ओलांडून आमच्या आळीत येई, कोपऱ्यावर भाता मांडी आणि "कल्हऽऽई!" अशी हाक देई. अण्णांच्या अवघ्या दोन पातेल्यांना आणि ताटवाटीला त्याचाच हात लागलेला. त्याची बायको आमीना भरली घागर घेऊन पायऱ्या उतरताना पडली. मांडीचे हाड मोडले. हाड सांधले, पण पाय उचलेना. डॉक्टरांनी तिला रोज उन्हात बसवायला सांगितले होते.

"ही खुर्ची परत आणायची ती तुझ्या बायकोनं," अण्णा त्याला माझ्यासमोर म्हणाले. "चालत."

"चालत?" कादरचा चेहरा उतरला. "अण्णा, पाय हालत नाय तिचा."

"म्हणूनच सांगतोय. तुझा निरोप मला नको, तिची पोच हवी."

कादरने खुर्ची पुलावरून ढकलत नेली. त्यानंतर आमच्या आळीत कल्हईची हाक ऐकू आली नाही.

संक्रांत झाली. होळी झाली. खुर्ची नाही, कादर नाही, निरोप नाही. दुसरा एक कल्हईवाला कोपऱ्यावर येऊन ओरडू लागला. त्याची हाक आली की अण्णा दार लावून घेत. आतून म्हणत, "आमचा ठरलेला आहे." मात्र त्यांच्या पातेल्यांची कल्हई पार उडाली होती. आमटी कळकू लागली. ताकाला हिरवट चव येऊ लागली. अण्णांनी स्वैपाक सोडला. द्रोणात चुरमुरे घ्यायचे, मातीच्या बोळक्यात दूध. माझ्या आईने ताट वाढून पाठवले तर ते जेवत, पण पातेली दुसऱ्याच्या हाती देत नसत.

"अण्णा, हा काय हट्ट?" मी एकदा चिडलो. "खुर्ची गेली, आता धरून चाला."

"गेली म्हणू नका!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की खुंटीवरचा डबा वाजला. मग हळू आवाजात, "अडली म्हणा. माल वाटेत अडतो कधी कधी."

"लोक म्हणतात कादरनं ती मालेगावला नेऊन विकली."

अण्णांचा चेहरा एकदम उजळला. "खरंच? कोण म्हणतं?"

"तुम्हाला आनंद होतोय?"

"चोरली असेल तर फारच छान झालं, पत्रकराव! चोराच्या घरी सगळी धडधाकट असतात."

तेव्हा कोठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खुर्चीची त्यांना पर्वाच नव्हती. आमीना आहे की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो विचारण्याची त्यांची छाती नव्हती. मी म्हटले, "मी उद्या जाऊन पाहून येतो."

"नको. तुम्ही गेलात आणि कादरनं ती खुर्ची तुमच्या हातात दिली, तर?"

अण्णा उठून आपल्या राहत्या खोलीत गेले. त्यांच्या उशाशी खुंटीवर एक काळी रबरी पिशवी असते, चिरा पडलेली. ती ते कधी कोणाला देत नाहीत. मला वाटे, गळते म्हणून देत नसतील. त्यांनी ती काढून मांडीवर घेतली.

"ही आपली नाही. रेल्वेच्या क्वार्टरात असताना शेजारच्या बाईंकडून आणली होती, आमच्या हिला शेकायला. मग परत द्यायची वेळ आली. आमची ही काही त्या अंथरुणावरून उठली नाही. तेव्हा मीच गेलो." ते पिशवीवरची एक चीर अंगठ्याने दाबून पाहू लागले. "बाई चांगल्या होत्या हो. खूप केलं होतं त्यांनी. पण हात पुढं केला नाही. दारातूनच म्हणाल्या, 'असू दे तुमच्याकडेच.' त्यांचंही बरोबर होतं. घरात लेकरं. असल्या रोगाची भीती वाटते माणसाला. दोन दारांचंच अंतर होतं, पत्रकराव. पण ती पिशवी घेऊन परत येताना ते काही केल्या संपेना."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना न सांगता पूल ओलांडला.

भद्रकालीच्या अंगाला तांब्याच्या हंड्यांवर हातोडे पडत होते. कादरचे घर विचारीत एका बोळात वळलो आणि समोरून खुर्ची येताना दिसली. ती रिकामी होती. मग खुर्चीच्या मागे, दांडी घट्ट धरलेली, एक बाई दिसली. लहान मूल पांगुळगाडा धरून चालते तशी ती चालत होती. थोडी खुर्ची ढकलायची, एक पाय टाकायचा, दुसरा ओढून घ्यायचा. मागून कादर दोन्ही हात पसरून, मांजर पकडायला निघाल्यासारखा येत होता.

"कादरभाई!"

तो मला पाहून चोरासारखा भिंतीला चिकटला. "अण्णांनी धाडलं?"

"नाही. अरे, ही चालतेय की! मग खुर्ची का नाही दिली परत? तोंड का दाखवत नाहीस?"

"कोनत्या तोंडानं येऊ, भाई? हाक दिली का पयला सवाल येनार, 'आमीना कुठंय?' मी हिला म्हनलो, टांग्यात बसवतो, पुलापलीकडं उतरवतो, मग चार पावलं चाल. ही ऐकत नाय."

आमीनाने श्वास सावरला. "अण्णा म्हनले व्हते ना, चालत आनायची? मग टांग्यानं नेली तर खोटं नाय का? त्यांनी आमचं काय ठेवून घेतलं नाय, नाव लिवून घेतलं नाय. एक बात सांगितली तेवडी. पुलापर्यंत येते मी आता. पुलावर चढ लागतो, तितं दम सुटतो."

"मी अण्णांना सांगतो. जीव टांगणीला लागलाय त्यांचा."

"नका सांगू, भाई!" तिने दांडी सोडून हात जोडले, आणि हात सोडलेत हे ध्यानात येताच घाबरून पुन्हा दांडी पकडली. "तुमी सांगितलं तर मग मी येऊन काय सांगू? थोडं थांबा. मी येते ना."

मला आयुष्यात एकही गोष्ट पोटात ठेवता आलेली नाही. जे कळले ते छापून वाटायचे, हीच माझी सवय. त्या दिवशी पूल ओलांडून येताना ती बातमी माझ्या तोंडात नुसती उड्या मारीत होती. अण्णा दारातच उभे होते. माझ्या चपलांवरची तिकडची धूळ त्यांनी बरोबर पाहिली.

"गेला होतात."

"हो."

त्यांनी दाराची चौकट धरली. आणि मी, असत्यावर सहा पत्रके लिहिलेला माणूस, म्हणालो, "अण्णा, खुर्ची चोरलीच आहे."

"नक्की?"

"डोळ्यांनी पाहिलं. चोर खुर्ची ढकलत चालला होता."

"चालला होता? चोराची तब्येत कशी होती?"

"सुधारतेय."

अण्णांनी माझ्याकडे निरखून पाहिले. काय समजले, किती समजले, देव जाणे. त्यांनी त्या दिवशी दोन्ही पातेली चिंच लावून घासली आणि उंबऱ्याशी उपडी घालून ठेवली.

रामनवमीचे दिवस. आळीत गर्दी होती, म्हणून प्रथम कोणाच्या लक्षात आले नाही. मग उताराच्या तोंडाशी चाकांची करकर ऐकू आली. खुर्ची पुढे, आमीना मागे, कादर त्यामागे पाठीवर भाता घेऊन. माणसे आपोआप बाजूला झाली. ती मध्ये मध्ये थांबत होती. कोणी पुढे होऊन आधार देऊ लागले तर मानेनेच नको म्हणत होती. वकीलसाहेब गॅलरीतून ओरडले, "सरका रे! वाट द्या! स्वतः आणायचं असतं ते!" त्यांच्याइतके हे दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

अण्णा उंबऱ्यात उभे होते. खाली, पायांकडे पाहत. एक पाय पडे. दुसरा ओढला जाई. पहिला पुन्हा पडे. ती दाराशी आली तेव्हा तिच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"आनली, अण्णा," ती म्हणाली.

अण्णांनी तोंड उघडले. "पोच..." एवढेच आले. पुढचे अक्षर काही निघेना. शेवटी आमीनानेच हसून पुरे केले, "शाबूत."

सारी आळी हसली. अण्णा माझ्याकडे वळून गरजले, "तुम्ही तर म्हणाला होतात चोरली!"

"हीच ती चोर."

खुर्चीच्या वेतावर फडक्यात काहीतरी बांधलेले होते. रिकामे परत द्यायचे नाही, ही रीत नदीच्या दोन्ही तीरांना सारखीच. अण्णांनी फडके सोडले. आत गुळाची ढेप आणि भुईमुगाच्या कोरड्या शेंगा होत्या. ब्राह्मणाच्या घरी चालेल असे तेवढेच बिचारीने शोधून आणले होते. अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? कच्चं? तुमच्या घरी चूल पेटत नाही का?"

कादर गडबडला. "पेटती की. पन तुमी... आमचं शिजवलेलं..."

"अरे, माझी पातेली पार कळकलीत! गावात कल्हईचं भांडं शिल्लक आहे ते एक तुझ्या घरी! मग मी जेवायचं कुठं?"

काशीकाकूंनी आपल्या दारातून "अगो बाई!" म्हटले, पण त्यांना कोणी विचारीत नव्हते. टेकायची चौकट अजून त्यांच्याचकडे होती. काका बरे होऊन देवदर्शनाला जाऊ लागले होते, तरीही.

त्या दुपारी कादरने कोपऱ्यावर भाता मांडला. नवसागराचा धूर उठला, पातेली आतून चांदीसारखी झाली. आमीना भिंतीला टेकून बसली होती, आणि अण्णा, ज्यांना मी त्या खुर्चीत कधी बसलेले पाहिले नव्हते, ते तिच्यासमोर चाकांच्या खुर्चीत बसून शेंगा फोडीत होते. "पूल चढताना कुठला पाय आधी टाकलास?" "मध्ये किती वेळा थांबलीस?" असे विचारीत होते. एवढा प्रवास करून पोचलेल्या पार्सलाशी बोलायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती.

आता वाचकहो, पुन्हा तुमच्या माळ्याकडे वळू. शिडी लावा. जे काही आजाऱ्याचे म्हणून वर पडले असेल ते खाली काढा, उकळत्या पाण्याने धुवा आणि पंचवटीत घेऊन या. गड्याबरोबर पाठवू नका. टांगा करू नका. स्वतः चालत या. अण्णा तुमच्या पायांकडे टक लावून पाहतील, पाहू द्या. काशीकाकू, हे तुम्हालाही आहे.

आणि ज्याच्या घरचे माणूस त्या अंथरुणावरून उठलेच नाही, त्याने तर जरूर यावे. ती वस्तू घरात बघवत नाही आणि टाकवतही नाही, हे अण्णांना सांगावे लागत नाही. ते दोन्ही हात पुढे करतात. आत बसवतात, गूळपाणी देतात, आणि तुम्ही उठेपर्यंत समोर बसून राहतात. 'असू दे तुमच्याकडेच' असे त्या दारात कोणाला म्हटले जात नाही. आजच निघा.